ससून डॉक पहाटे पाहायला जाताना

ससून डॉक पाहायला जायचं म्हणजे दुसऱ्याच्या ऐन कामाच्या वेळी त्याच्या कामाच्या जागी जायचं. एवढं मनात पक्कं असलं की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप पटतात. इथे तिकीटखिडकी नाही, माहितीचे फलक नाहीत, बसायला बाक नाही. सूर्य उगवायच्या आधी मुंबईच्या ताटातलं म्हावरं, म्हणजे मासळी, बोटीतून उतरताना मात्र इथे दिसतं, आणि तेवढ्यासाठी साडेतीनचा गजर लावणं नक्कीच योग्य आहे.

आधी जागेची ओळख. कुलाब्याच्या पूर्व अंगाला, बंदराच्या बाजूला, समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर ही गोदी १८७५ मध्ये सुरू झाली. बांधणारे अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून, म्हणजे बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात मोठं झालेल्या डेव्हिड ससून यांचे चिरंजीव. पश्चिम भारतातली ही पहिली बंदिस्त गोदी. ती बांधली कापसाच्या व्यापारासाठी, मासळी नंतर आली. पुढे ती पोर्ट ट्रस्टच्या ताब्यात गेली आणि आजही जागा मुंबई बंदर प्राधिकरणाची आहे. प्रवेशद्वाराजवळचा घड्याळाचा मनोरा आणि जुनं दगडी बांधकाम यांच्याकडे येताना अंधारात लक्ष जात नाही, ते परतताना उजेडात पाहावं. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इथे मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. तेव्हापासून डॉकचं नाव पर्यटकांच्या यादीत चढलं, आणि भिंतींवर चित्रं असतील असं समजून बरेच जण येतात. चित्रांच्या आशेने येऊ नका, मासळीसाठी या.

कधी जायचं

महिना पहिला ठरवा. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. या काळात धक्क्याला बोटी नुसत्या बांधलेल्या असतात, जाळी विणणं आणि डागडुजी चालते, लिलाव नसतो. जाळी दुरुस्त करणारे हात निवांत पाहायचे असतील तर हाच काळ चांगला, पण मासळी बघायला आलात तर हात हलवत परत जाल. त्या वर्षीचा मत्स्यव्यवसाय विभागाचा आदेश बातम्यांत येतो, निघण्याआधी तो बघावा, कारण तारखांत बदल होऊ शकतो. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या आसपास हंगामाला जोर येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सगळ्यात सोपा काळ: पाऊस नाही, पहाटे उकाडा नाही.

मग वार. मुंबईत बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासे खायचे वार, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत न खाण्याचे. त्यामुळे रविवारी पहाटे धक्क्यावर चेंगराचेंगरी आणि भाव चढे. पहिल्यांदा जाणाऱ्याने मंगळवार किंवा गुरुवार निवडावा. काम तेच दिसतं, फक्त उभं राहायला जागा मिळते.

आणि तिसरी गोष्ट, जी बाहेरचे लोक सहसा बघत नाहीत: भरती. ओहोटीला गोदीत पाणी कमी असतं, म्हणून भरलेल्या बोटी पाण्याचा अंदाज घेऊनच आत येतात. शिवाय उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भरतीला बोटीची कड धक्क्याच्या बरोबरीला येते आणि तिच्यावर काय चाललंय ते समोर दिसतं. ओहोटीला तीच बोट खाली खोल जाते, तुम्हाला वरून फक्त टोप्या आणि मासळीच्या पाट्या (टोपल्या) दिसतात, आणि चिखलाचा वास वेगळाच.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. सप्तमीला सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच, म्हणून पूर्ण भरती सव्वापाचच्या आसपास, सकाळी आणि संध्याकाळीही. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाला नेमकी ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला कालनिर्णय पुरतं. पहाटेची भरती हवी असेल तर षष्ठी ते अष्टमी यांतला दिवस धरा, शुक्ल पक्ष असो वा कृष्ण. या दिवसांना कोळी लोक ‘भांग’ म्हणतात. पाण्याची ओढ कमी आणि पातळीतला फरकही कमी, म्हणून तासाभराने गेलात तरी बोट फार खाली गेलेली नसते.

वेळ: पाच ते सात. साडेपाचला पोचलात तर लिलावाची ऐन धामधूम दिसते. सातनंतर गर्दी ओसरू लागते, नऊला मुख्यतः सोलणं, धुणं, बर्फ भरणं उरतं. सूर्योदय हिवाळ्यात सातनंतर आणि मे महिन्यात सहाच्या आसपास होतो. डॉक पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे तो थेट पाण्यावर दिसतो. हिवाळ्यात लिलाव अंधारात आणि परतताना सूर्योदय, असं दोन्ही जमतं.

कसं पोचायचं

चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पहाटेची लोकल, तिथून टॅक्सी. दोन्हीकडून अंतर तीन-चार किलोमीटरचं. टॅक्सीवाल्याला ‘ससून डॉक’ एवढं सांगितलं की पुरे. चालायचं असेल तर रीगल सिनेमापासून शहीद भगतसिंग मार्गाने सरळ दक्षिणेला, कुलाबा मार्केट मागे टाकत. गेट डाव्या हाताला येतं. पंचवीसेक मिनिटं लागतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत रस्ता विचारायची गरज पडत नाही, वासच सांगतो. मेट्रो ३ चं कफ परेड स्थानक जवळच्या भागात आहे, पण लिलावाला वेळेत पोचायचं तर मेट्रो सुरू झालेली नसते. परतायला तिचा उपयोग. स्वतःची गाडी नेऊ नका. टेम्पो आणि बर्फाच्या गाड्यांच्या रांगेत अडकलात तर तास दोन तास बाहेर पडता येत नाही, आणि तुमच्यामुळे ज्याचा माल थांबतो त्याचा बर्फ वितळत असतो.

अंगावर काय, हातात काय

धक्क्यावरची फरशी सदैव ओली: बर्फाचं पाणी, खवले, माशांचा बुळबुळीतपणा. इथे सगळ्यात जास्त होणारी दुखापत म्हणजे घसरून पडणं. रबरी तळव्याचे, खाचा असलेले, बंद बूट घाला. गमबूट असतील तर उत्तम. चपला घालू नका: त्या घसरतात, आणि प्रत्येक पावलाला मागे उडणारं पाणी पाठीपर्यंत जातं. पॅन्ट घोट्याच्या वर दुमडलेली, ओढणी किंवा पदर खोचलेला. पांढरे कपडे घरी. पाठीवरची मोठी सॅक नको, कारण वळताना ती कोणाच्या तरी डोक्यावरच्या पाटीला लागते. लागलं तर छोटी पिशवी पोटाशी घ्या.

सोबत: सुटे पैसे (दहा, वीस, पन्नासच्या नोटा), पाण्याची बाटली, जुना टॉवेल, आणि परतताना बूट घालायला एक जाड पिशवी व दुसऱ्या चपला. मासे घ्यायचे असतील तर घट्ट झाकणाचा डबा. राज्यात पातळ प्लास्टिक पिशव्यांना २०१८ पासून बंदी आहे आणि ओल्या मासळीला तशीही ती पिशवी टिकत नाही.

उपाशीपोटी जाऊ नका. दोन बिस्किटं, अर्धा कप चहा एवढं पोटात असावं. रिकाम्या पोटाला वास पटकन लागतो. रुमालावर अत्तर टाकून नाकाला धरण्याची युक्ती उलटी पडते, दोन वास एकत्र झाले की जास्त मळमळतं. दहा मिनिटं तसंच उभं राहिलात की नाक सरावतं.

आठ वर्षांखालच्या मुलांना लिलावाच्या वेळी नेऊ नये. हातगाडी ओढणाऱ्याच्या नजरेच्या उंचीला मूल दिसतच नाही.

मोबाइल खिशात

डॉकमध्ये फोटो आणि व्हिडिओ काढायला मनाई आहे. कुलाबा हा सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक भाग. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर याच कुलाब्यातल्या मच्छीमार वसाहतीजवळ समुद्रातून उतरले होते. ‘सगळेच काढतात’ हे कारण सुरक्षारक्षकापुढे चालत नाही. कॅमेऱ्याने काम करायचंच असेल तर बंदर प्राधिकरणाकडून आधी लेखी परवानगी घ्या, आणि ती हातात असली तरी माणसाला विचारल्याशिवाय त्याच्याकडे कॅमेरा वळवू नका. कोळंबी सोलणाऱ्या बायकांना कोणीतरी रोज न विचारता टिपत असतं आणि त्यांना ते मुळीच आवडत नाही. गेटवर कोणी हटकलं तर ‘बघायला आणि मासे घ्यायला आलोय’ एवढं सरळ सांगा. ओळखपत्र जवळ ठेवा.

आत गेल्यावर

पहिली दहा मिनिटं कुठेही जाऊ नका. गेटमधून आत गेल्यावर एखाद्या खांबाला किंवा भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि वाटा ओळखा. माल कुठून कुठे जातो हे कळलं की उभं कुठे राहायचं नाही ते कळतं. बोटीपासून लिलावाच्या जागेपर्यंत एक वाट, तिथून टेम्पोकडे दुसरी, बर्फ फोडायच्या यंत्राकडून बोटीकडे तिसरी. या तिन्ही वाटांवर थांबायचं नाही. ओलांडायच्या झाल्या तर दोन गाड्यांच्या मधून, न पळता. मागून ‘बाजू, बाजू’ किंवा ‘पानी, पानी’ ऐकू आलं की वळून बघण्यात वेळ घालवू नका, आधी कडेला व्हा. भरलेली हातगाडी ओल्या फरशीवर ब्रेक लावून थांबत नाही.

धक्क्याच्या अगदी काठावर उभं राहू नका. तिथे बोटींचे दोर खुंट्यांना बांधलेले असतात आणि बोट हलली की दोर एकदम ताणला जातो. दोराला पाय लावून उभं राहणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

आता बोट नीट बघा. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. ‘आयएनडी’नंतर ‘एमएच’ असेल तर महाराष्ट्राची. मागच्या बाजूला दोन जड फळ्या टांगलेल्या दिसल्या तर ती ट्रॉलर. समुद्रात या फळ्या पाण्याच्या दाबाने एकमेकींपासून लांब जातात आणि जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात. बोटीच्या पोटात खण असतात. त्यांत बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फ, असं भरलेलं असतं. खलाशी खणात उतरून फावड्याने पाटी भरतो, वरचा ती झेलतो, आणि तिथून ती हवेतून धक्क्यावर उभ्या माणसाकडे जाते. रिकामी पाटी त्याच वाटेने परत येते. इथे मिनिटभर फक्त हातांकडे बघा: झेलणारा पाटीकडे बघत नाही, तो फेकणाऱ्याच्या खांद्याकडे बघतो.

या खणांच्या रचनेत खरेदीदाराला उपयोगी पडेल अशी गोष्ट दडलेली आहे. मोठी ट्रॉलर आठवडाभर, कधी जास्तही समुद्रात असते. पहिल्या दिवशी पकडलेली मासळी खणात तळाला, शेवटच्या दिवसाची सगळ्यात वर. म्हणून बोट खाली होऊ लागली की आधी निघणाऱ्या पाट्यांतला माल ताजा, आणि तळाकडून निघणारा जुना. ‘डॉकवरची मासळी म्हणजे आज पहाटे पकडलेली’ ही समजूत इथे सोडून द्या. बर्फात नीट राहिलेली पाच दिवसांची मासळी उत्तम असू शकते आणि बर्फाशिवाय पाच तास राहिलेली टाकाऊ.

लिलाव समजायला दोन-तीन फेऱ्या लागतात. माल ढिगाने किंवा पाटीने बोलला जातो, एकेका माशाने नाही. बोली वेगात चढते, आवाज मोठा, पण भांडण नाही. वर्तुळाच्या बाहेर उभे राहा आणि हात खाली ठेवा. बोटाने माशाकडे दाखवून शेजाऱ्याला काही विचारणं टाळा, हात वर गेला की त्याचा अर्थ दुसराच निघतो. माशांची नावं विचारायची असतील तर लिलाव संपल्यावर, माल उचलला जात असताना. ‘नाखवा, हा कुठला मासा?’ असं विचारलंत तर उत्तर हमखास मिळतं. बायकांना मावशी किंवा ताई म्हणावं.

शेडमध्ये कोळंबी सोलायचं काम चालतं. पाटावर बसलेल्या बायका एका हातात कोळंबी धरून दुसऱ्या हाताने डोकं मोडतात, सालपट सोडवतात, आणि गर शेजारच्या भांड्यात जातो. एका कोळंबीला दोन-तीन सेकंद. बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास बुडालेली बोटं पांढरीफटक पडलेली असतात. मजुरी सोललेल्या मालावर, म्हणून तुम्ही गप्पा मारायला बसलात तर नुकसान त्यांचं. दारातून बघा, आत वाटेत उभे राहू नका. इथे ‘काउंट’ हा शब्द कानावर पडेल. काउंट म्हणजे एका किलोत किती नग. आकडा लहान तेवढी कोळंबी मोठी.

मासे घ्यायचे असतील तर

घरापुरते मासे लिलावात मिळत नाहीत. लिलावातून पाटी घेतलेल्या कोळणी लगेच बाजूला बसून वाट्यावर किंवा किलोवर विकतात, त्यांच्याकडून घ्या. आधी पूर्ण एक फेरी मारा, भाव ऐका, मग थांबा. घासाघीस चालते, पण निम्म्या भावाने सुरुवात करणं अपमानाचं वाटतं.

ताजेपणा पारखताना पापलेटच्या कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबा. पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर सोडा. सुरमई आणि रावस पूर्ण घेत असाल तर गलफडं उघडून बघा, लालभडक हवीत. कापलेल्या तुकड्या घेत असाल तर मांस काट्याला घट्ट धरलेलं हवं. बोंबील गुलाबीसर पांढरा आणि चकचकीत. पिवळा पडलेला नको. कोळंबीचं डोकं अंगाशी घट्ट हवं, काळं पडून लोंबणारं नको. माकूल (स्क्विड) ताजी असताना पांढऱ्या अंगावर ठिपके दिसतात, शिळी झाली की सगळं अंग गुलाबी होतं. मुशी (शार्क) आणि पाखटाला (स्टिंगरे) नवसागरासारखा उग्र वास आला तर घेऊ नका. या माशांच्या अंगातला युरिया कुजताना अमोनिया सुटतो आणि कितीही चिंच-कोकम घातलं तरी तो जात नाही.

बांगडा आणि कुप्याबद्दल (ट्यूना) विशेष काळजी. हे मासे उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं, ते शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, उलट्या होतात. उन्हात मांडलेला बांगडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

हिशोब आधीच करा: एक किलो अख्ख्या कोळंबीतून सोलल्यावर निम्म्याच्या आसपास गर उरतो. चार माणसांच्या कालवणाला अख्खी कोळंबी पाऊण ते एक किलो लागते. मासे साफ करून देणारे जवळच कोयता घेऊन बसलेले असतात. साफ करायचे पैसे कापायला देण्याआधी विचारा, आणि तुकड्या की अख्खा, डोकं ठेवायचं की नाही, ते सुरुवातीलाच सांगा. सुरमईचं डोकं टाकून देऊ नका, कालवणाला चव त्यानेच येते.

न्यायचं कसं: एक किलो मासळीला एक किलो फोडलेला बर्फ. मोठे तुकडे नकोत, त्यांच्यामध्ये हवा राहते आणि टोकं लागून मऊ मासा फाटतो. डब्यात खाली बर्फ, मग मासे, वर पुन्हा बर्फ. वितळलेलं पाणी तासाभराने ओतून टाका, कारण त्या पाण्यात भिजत राहिलेल्या मासळीची चव उतरते. एवढं केलंत तर मुंबईत कुठेही पोचेपर्यंत काळजी नाही. पुण्याला न्यायची असेल तर थर्माकोलचा खोका घ्या आणि बर्फ दीडपट. लोकलमध्ये मासळी घेऊन मालडब्यातच चढा.

बाहेर पडल्यावर

गेटबाहेर येऊन बूट बदला, ओले बूट पिशवीत. हाताला लिंबाची फोड किंवा बेसन चोळून धुतलं की वास निघतो. नुसत्या साबणाने तो दुपारपर्यंत राहतो. मासे घेतले नसतील आणि पाय शाबूत असतील तर दक्षिणेला थोडं पुढे अफगाण चर्च आहे, १८५८ चं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं. मासे घेतले असतील तर मात्र कुठेही न थांबता घर गाठा, आणि पोचल्याबरोबर डब्यातलं पाणी ओतून मासळी फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा. बोंबील त्याच दिवशी दुपारी तळा. तो संध्याकाळची वाट बघत नाही.